फडकं खांद्यावर

"मामा, उचलू का?" असं मी विचारलं नाही.

आमच्या दुकानात तसं विचारायची पद्धतच नव्हती. मामांच्या खांद्याकडे बघायचं. खांद्यावर फडकं असलं तर हीट गन गरम आहे, हात लावायचा नाही. फडकं नसलं तर गार झाली, उचला. मी बघितलं. खांदा मोकळा होता. मी गन उचलली आणि रोजच्यासारखा तिच्या नळीला चिकटलेला गोंद पुसायला नळी मुठीत धरली.

त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझा उजवा तळहात भाजला. आणि गजामामांनी त्या दिवसापासून गन हातात धरली नाही.

त्याच्याआधी काय झालं, ते मात्र...

थांबा. आधी गन.

(वायर खांद्यावर.)

तासगावात स्टँडच्या मागच्या रस्त्याला मामांचं रेडियमचं दुकान. गाड्यांच्या नंबरप्लेटी, काचेवरचे देव, टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरची पोरांची नावं. रेडियम चिकटवताना गन लागते, आणि त्याहून जास्त, जुनं रेडियम काढताना. दिसायला ती केस वाळवायच्या यंत्रासारखी. पण तिच्या हवेनं केस वाळणार नाहीत, जळतील. लांबून धरायची, फिरवत राहायचं. रेडियम मऊ पडलं की नखानं कोपरा उचलून हळूहळू ओढायचं. एका जागी थांबलात की खालचा रंग पापडासारखा फुगतो.

जुनी गन वायरची होती. काम झालं की मामा पिन काढायचे आणि वायरचं टोक खांद्यावर टाकायचे, डॉक्टर गळ्यात नळी टाकतात तसं. वायर खांद्यावर म्हणजे गन बंद आहे पण तोंड तापलेलं आहे. गार झाली की वायर उतरायची आणि खिळ्याला लागायची. मी त्या दुकानात शाळेतून सुटल्यावर जायला लागले तेव्हापासून ती वायर बघत आले. मामा कोणाशी भांडत असोत, जेवत असोत, गिऱ्हाइकाला हाकलत असोत, वायर गन गार झाल्याशिवाय उतरली नाही.

बिनवायरच्या गनचा हट्ट मीच धरला. गाड्या रस्त्याच्या पलीकडे लागायच्या, वायर रस्त्यातून ताणायला लागायची, मोटारसायकली तिच्यावरून जायच्या. लाइट गेली की हात बांधून बसायचं. सांगलीहून नवी गन आणली तेव्हा मामांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली.

"हिची पिन कुठाय?"

"पिन नाही मामा. बॅटरी आहे. काम झालं की बॅटरी काढायची."

"आन बॅटरी काढली की तोंड गार हुतंय?"

"नाही, तोंड गरमच राहतं थोडा वेळ."

"मग कळणार कसं लोकांस्नी?" त्यांनी गन फरशीवर तोंड वर करून उभी केली. "वायर असली की बघणाऱ्याला दिसतंय, ही बांधलेली हाय का सुटलेली. हे दावं न लावलेलं जनावर. पोरी, तुला लई हौस."

मग त्यांनीच तोड काढली. बॅटरी काढायची, गन तोंड वर करून उभी करायची, कागदापासून आणि थिनरच्या डब्यापासून लांब, आणि वायरच्या जागी खांद्यावर फडकं टाकायचं. पिवळं, गाड्या पुसायचं. नियम तोच. गार झाल्याशिवाय उतरवायचं नाही.

(फडकं खिळ्याला.)

मार्गशीर्षातली सकाळ. मी स्वेटरवर ओढणी गुंडाळून बसले होते आणि तरी कटर धरलेली बोटं आखडत होती. खराडेदादा टेम्पो घेऊन आले. सावळजचे, द्राक्षांचा धंदा, मोठा आवाज. टेम्पो जुनाच, पण त्यांनी नवा घेतलेला. फाळक्यावर लाल रेडियममध्ये पोरांची नावं होती: ओंकार-सोहम.

"मिस्तरी, ही पोरं तेवढी घालवा. परवा पूजा हाय. गावातनं एक चक्कर मारली तर जो तो इचारतोय, ही दोन कवा झाली म्हणून."

"मग काय सांगितलं तुम्ही?" मी विचारलं.

"काय सांगतोय? बायको शेजारी बसलेली!"

मामा फाळक्याजवळ गेले. अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"हे माझंच काम हाय," ते म्हणाले.

"तुमचंच. आन फुकटातलं! मागचा मालक सांगत हुता. म्हणला, मी मागितलंबी नव्हतं, मिस्तरीनं रस्त्यात गाडी थांबवून लावून दिलं."

मला हसू आलं. मामा आणि फुकट? मामा रेडियमचं उरलेलं टोक सुद्धा पुढच्या नंबरप्लेटीला वापरणारे.

"दादा, दुसरं कुणीतरी असेल," मी म्हणाले.

"न्हाई. मीच," मामा म्हणाले. माझ्याकडे न बघता. "तू आत जा. कटिंग उरकून घे."

हे पहिलं मला कळलं नाही ते.

मी आत जाऊन बसले. अक्षरं यंत्र कापायचं, प्लेटींचे आकडे मात्र मी कटरनं हातानं. दुकानाचं शटर पूर्ण उघडं, त्यामुळे बाहेरचं सगळं दिसतं, पण दिसते ती मामांची पाठ. गनचा घूं आवाज सुरू झाला. मामा नेहमी उजवीकडून काढत आणायचे. 'सोहम'चा म सुटला, मग ह. पट्टीसारखं लांब लाल रेडियम त्यांच्या हातातून खाली लोंबत होतं.

आवाज बंद पडला. नेहमीपेक्षा लवकर. अजून 'ओंकार' सगळा बाकी होता.

मामांनी बॅटरी काढली. गन फरशीवर उभी केली. फडकं खांद्यावर टाकलं.

"चहा सांगून येतो," खराडेदादा म्हणाले आणि गेले.

मी खाली मान घालून आठचा आकडा कापला. मान वर केली.

(फडकं खांद्यावर नाही.)

पुन्हा सांगते.

मी आठचा आकडा कापला. इंग्रजी आठ कापायला वेळ लागतो, आत दोन डोळे काढावे लागतात. पण इतका वेळ नाही लागत. गन गार व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ हवा. हे मला तेव्हा कळायला हवं होतं? कदाचित. पण खांदा मोकळा दिसला की आपला हात पुढे जातो, तसा तो गेला. रस्त्यावर लाल दिवा असताना माणूस थांबतो आणि हिरवा लागला की निघतो. दिवा खोटं बोलत असेल असं कोण धरून चालतं?

मी बाहेर आले. मामा फाळक्याकडे तोंड करून उभे होते. मी गन उचलली. नळी धरली.

ओरडले की नाही आठवत नाही. हात झटकला, गन उडाली आणि रेडियमच्या मागच्या कागदांच्या ढिगावर पडली. ढिगातून धूर यायला लागला. जळक्या मेणाचा वास.

आणि मामा वळले नाहीत.

हे दुसरं. मी त्यांच्या मागे, हातभर अंतरावर, ढिगातून धूर निघतोय, आणि ते फाळक्याकडे बघत उभे. जणू मी कुठल्यातरी लांबच्या गल्लीत भाजले होते.

खराडेदादा चहाचे ग्लास घेऊन आले, "आरं तिच्या!" म्हणाले आणि सगळा चहा कागदांवर ओतला. मग माझ्याकडे धावले. "पेस्ट लावा! घरात पेस्ट हाय का? कोलगेट न्हाईतर हळद!"

तेव्हा मामा वळले.

"कायबी लावू नका!" ते इतक्या जोरात ओरडले की समोरचा पंक्चरवाला बाहेर आला. "पाणी! नुसतं पाणी!" त्यांनी मला दंडाला धरून नळाखाली नेलं. हात पाण्याखाली धरला तो सोडेचनात. बोटं निळी पडायची वेळ आली तरी सोडेनात. त्यांच्या दुसऱ्या मुठीत ते पिवळं फडकं होतं, ते वळले तेव्हापासून. चुरगळलेलं. ओलं.

ओलं असणारच, नळ चालू होता.

त्या वेदनेत मला फाळक्यावरचं एकच दिसत होतं. 'सोहम' निघाला होता, तिथं खालून जुन्या ब्रशच्या रंगातलं एक अक्षर वर आलं होतं: द्या. त्याच्या शेपटीला एक छोटा हिरवा पोपट. 'द्या'. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच, काय द्या? कुणाला द्या?

(कोणाच्याच खांद्यावर काही नाही.)

"मला वाटलं गार झाली."

मामांनी दवाखान्यात हे सांगितलं, आईला हे सांगितलं, मला हे सांगितलं. प्रत्येक वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात. आई त्यांची थोरली बहीण. ती माझ्या हाताचं बँडेज बघत म्हणाली, "गजा, वाटलं म्हंजे काय? तुला कधीपासनं वाटायला लागलं?"

"वय झालं अक्का."

"कुणाचं? माझ्याहून ल्हान हायस तू."

मामा उठले. घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुकानात आले, गनची बॅटरी कपाटात ठेवली, गन वायरच्या जुन्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "नूतन, आता तू बघ. माझा भरवसा न्हाई राहिला."

गावात बातमी फिरली की गजा मिस्तरीला विसर पडतोय. पंक्चरवाला मला कानात सांगायचा, माझ्या सासऱ्याचं असंच सुरू झालं. सांगलीच्या डॉक्टरांनी मामांना वार विचारला, महिना विचारला, उलटी उजळणी म्हणायला लावली. मामांनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही यांना. मामा म्हणाले, "असंल, डॉक्टरसाब. सुरुवात असंल."

ज्याला विसर पडतो तो "मी विसरत नाही" म्हणून भांडतो. मामा उलटे भांडत होते. विसरल्याचा शिक्का त्यांना हवा होता, आणि तो कशाला, ते मला कळत नव्हतं.

माझा हात भरून आला. तळहाताची कातडी ताणलेली राहिली, मूठ पूर्ण मिटत नाही, पण कटर धरता येतं. दुकान मी चालवायला लागले. गनही वापरायला लागले. बॅटरी काढायची, तोंड वर, कागद लांब, फडकं खांद्यावर. आणि दर वेळी खांद्यावर फडकं टाकताना तो एक मिनिट परत यायचा. आठचा आकडा. मान वर. मोकळा खांदा.

पडलं असेल का फडकं? नाही, मुठीत होतं.

वारा? वाऱ्यानं उडालेलं मुठीत कसं येईल?

खरंच गार झाली असं वाटलं? ज्या माणसाला शर्टावरून हात फिरवून कापड किती वेळा धुतलंय ते कळतं, त्याला?

मी एकदा विचारलं. मामा पेपर वाचत होते.

"मामा, त्या दिवशी फडकं उतरवलं तेव्हा गनला हात लावून बघितला होता का?"

"बघितला असंल."

"असंल म्हणजे?"

"नूतन, मला आठवत न्हाई. विसर पडतोय म्हणून तर घरी बसलोय." आणि पेपरातली, आदल्या आठवड्यात आलेली, द्राक्षांच्या भावाची बातमी आकड्यांसकट मला ऐकवली.

खराडेदादांनी तो टेम्पो तसाच नेला होता. पूजा तशीच केली. पहिल्याच फेरीला माल चांगला गेला, म्हणून त्यांनी पुढं फाळक्याला हात लावू दिला नाही. वर्षानुवर्षं तो टेम्पो तालुक्यात 'ओंकार द्या' असं लिहून फिरला. "लोकं मागनं हात जोडत्यात," ते म्हणायचे. "म्हाताऱ्या तर गाडीला पाया पडत्यात. मी कशाला काढू?"

(फडकं खिळ्याला.)

परवाच्या हिवाळ्यात खराडेदादा नव्या गाडीच्या प्लेटी करायला आले. जुन्या टेम्पोतूनच आले. केस पांढरे, आवाज तोच.

"ताई, उद्या ह्याला भंगारात घालतोय. लई साथ दिली बिचाऱ्यानं."

आई माझा डबा घेऊन आली होती. ती दुकानात सहसा येत नाही. तिला थिनरचा वास सोसत नाही. पदर नाकाला लावून ती फाळक्यासमोरून चालली होती, आणि थांबली.

पदर खाली आला.

"हे चंदूचं हाय."

"कुणाचं?"

"चंदूचं गं. पोपट बघ की. मान वळवून मागं बघतोय. असा पोपट चंदूशिवाय कोण काढत नव्हतं."

चंदू म्हणजे माझा धाकटा मामा. मी पाळण्यात होते तेव्हा घर सोडून गेला, एवढंच मला ठाऊक. त्याचं नाव घरात कोणी काढत नसे, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तो काय करायचा हे सुद्धा मला माहीत नव्हतं.

"ब्रशनं गाड्या रंगवायचा," आई म्हणाली. ती फाळक्याला धरून उभी होती. "दुकान दोघांचं हुतं. मग गजानं अक्षरं कापायचं यंत्र आणलं. चंदू म्हणला, यंत्राच्या अक्षराला हात नसतोय. गजा म्हणला, मग जा, तुझा हात घिऊन जा. रागात म्हणतो माणूस. हे येडं खरंच गेलं. आज येईल, उद्या येईल. कुठं हाय, हाय का न्हाई..."

खराडेदादा फाळक्यापासून दोन पावलं मागं सरले.

"आन गजाला काय सैतान शिरला कुणाला ठाऊक," आई पुढं म्हणाली. "चंदूचं अक्षर दिसलं की ती गाडी थांबवायचा. वरनं रेडियम चिकटवून द्यायचा. फुकट. गावात एकबी अक्षर ठिवलं न्हाई त्याचं. मग पुढं कधीतरी थांबला. तवर काय उरलंय?"

मी माझ्या तळहाताकडे बघितलं.

आठचा आकडा. मान वर. मोकळा खांदा. मुठीत फडकं. ओलं.

पण मामा वळले तेव्हाच ते ओलं होतं; नळ नंतर चालू झाला होता.

(फडकं खिळ्याला, अजून.)

मी मामांना फोन लावला.

"मामा, दुकानात या."

"कशाला?"

"खराडेदादांचा टेम्पो आलाय. उद्या भंगारात चाललाय."



"फाळका हाय का त्याला?" मामांनी विचारलं.

"आहे."

ते सायकल हातात धरून, चालत आले. चढून बसायचंही विसरले असावेत. खरा विसर तो एवढाच बघितला मी त्यांचा. आईनं त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी आईकडे, आणि दोघंही लगेच दुसरीकडे बघायला लागले.

"मामा, त्या दिवशी फडकं का उतरवलं?"

"घाम आलता."

"मार्गशीर्षात?"

मामांनी सायकल भिंतीला लावली. ती नीट उभी होती तरी परत उचलून लावली.

"'हॉर्न द्या' लिहिलंय तिथं," ते म्हणाले. "दुसरं काय न्हाई. देवाचं नाव न्हाई, आईबाचं न्हाई. हॉर्न द्या. त्यासाठी माणूस..." ते थांबले. "लोकांना काय सांगणार हुतो मी? पोरीचा हात भाजला, का, तर मिस्तरी हॉर्न द्या वाचत हुता?"

"म्हणून विसर पडतो म्हणालात?"

"ते बरं की. विसर कुणालाबी पडतोय."

खराडेदादा खाकरले. "मिस्तरी, फाळका काढून ठिवा तुम्ही. भंगारवाल्याला मी बघतो."

मी गन खिळ्यावरून काढली, बॅटरी बसवली आणि मामांपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला.

"तू धर. मी वडतो."

मी 'ओंकार'वर गन धरली. घूं आवाज सुरू झाला.

"लांबनं," मामा म्हणाले. "फिरवत ऱ्हा. फिरव, फिरव, थांबू नको! खाली साधा ऑइलपेंट हाय, त्याला सोसायचं न्हाई. जरा मागं हो. आता कडेनं."

"कळतंय मला मामा."

"कळतंय तर रंग का वास मारतोय?"

मी मागे सरले. मामांनी नखानं कोपरा उचलला. रेडियम जुनं, तडकलेलं, त्याचे तुकडे पडत होते. त्यांनी एकही तुकडा ओढला नाही. प्रत्येक तुकडा मऊ पडायची वाट बघत, अंगठ्यानं सरकवत, जखमेवरची पट्टी काढावी तसा काढला. आधी न आला. त्याच्यावरचा रफार. रफाराला एक पान फुटलेलं, देठासकट. मग हॉ.

हॉर्न द्या.

रंग जिथं झाकलेला होता तिथं कालच मारल्यासारखा ताजा होता. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेला पोपट मात्र फिका पडला होता, मान वळवून मागं, त्या ताज्या अक्षरांकडे बघत.

मी गन बंद केली. बॅटरी काढली. गन फरशीवर तोंड वर करून उभी केली, कागदांपासून लांब. पिवळं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं.

(फडकं खांद्यावर.)

मामा फाळक्याकडे बघत होते. मग बघता बघता त्यांचा हात आपोआप वर आला, माझ्या खांद्याकडे, आणि बोटांनी फडक्याचं टोक धरलं.

"मामा," मी म्हणाले, "गरम आहे अजून."

त्यांनी टोक सोडलं. हात मागे घेतला, आणि तोंड दुसरीकडे करून शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.